पिमेंटो चीजचं माहेर न्यूयॉर्क

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खाण्यावर लेख आला आहे. त्यात पिमेंटो चीज (आज ते किसलेलं चेडर चीज, मेयोनीज आणि पिमेंटो नावाची गोड लाल मिरची कालवून करतात आणि पावाला लावून खातात) हे 'दक्षिणेच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं' म्हटलंय. मी १९ वर्षं जॉर्जियात राहते आणि दर आठवड्याला हे चीज घरी कालवते, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

हा पदार्थ उत्तरेतून आला. १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात मऊ क्रीम चीज बनू लागलं. (फिलाडेल्फिया नावानं विकलं जाणारं चीजही मूळचं न्यूयॉर्कचंच.) पुढे स्पेनहून गोड लाल मिरची डब्यांत भरून यायला लागली. १९०८ साली 'गुड हाउसकीपिंग' मासिकात या दोन्हींची कृती छापून आली. तीत क्रीम चीज, मोहरी, चाइव्हची (कांद्याच्या पातीसारखी) पात आणि बारीक चिरलेली ही मिरची होती. चेडर नाही, मेयोनीज नाही! माझी शेजारीण त्याला पिमेंटो चीज म्हणायलाही तयार होणार नाही.

पण दक्षिणेनं ते आपलंसं केलं, ते नुसतं खाऊन नव्हे. जॉर्जियात ग्रिफिनजवळच्या शेतकऱ्यांनी १९११ च्या सुमारास स्पेनहून बी मागवलं. या मिरचीची साल चिवट, हातानं सोलता सोलता जीव जातो. तिथंच मिरची भाजून साल काढणारं यंत्र तयार झालं, आणि परदेशी डब्यातली चैन गावच्या शेतात पिकू लागली. १९१७ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला युजिनिया ड्यूक ही बाई छावणीतल्या सैनिकांना दहा सेंटला सँडविच विकायची, त्यांतही पिमेंटो चीज असे. तिच्या घरच्या मेयोनीजला इतकी मागणी आली की पुढे तिनं तेच बाटल्यांत भरून विकलं. आज आमच्याकडे बहुतेक घरांत चेडर, मेयोनीज आणि पिमेंटो एवढंच लागतं. चेडर मात्र स्वतः किसावं. पाकिटातल्या किसाला पिठूळ थर असतो, तो नीट मिळून येत नाही.

ऑगस्टाच्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेत दीड डॉलरला मिळणाऱ्या पिमेंटो चीज सँडविचचा फोटो आपण छापलात, छान केलंत. ग्रिफिनचं नाव मात्र लेखात कुठेच नाही. तिथले मिरचीचे मळे आता जवळपास नाहीसे झालेत. दुरुस्ती छापाल तेव्हा त्या गावाचा उल्लेख जरूर करावा, ही विनंती.

आपली वाचक,
मेकन, जॉर्जिया