मोनोकिनीची गोष्ट अर्धवट सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत स्विमसूटच्या फॅशनवर फोटोंचा लेख आला त्यात मोनोकिनीला जेमतेम दोन ओळी मिळाल्या, १९६४ साली आलेला छाती उघडी ठेवणारा खळबळजनक स्विमसूट, बस, आणि शेजारी आजकालचा कमरेपाशी कापलेला वन-पीस त्याच नावाने छापलेला. चूक काही नाही त्यात. पण या दोन फोटोंच्या मधलं सगळंच गळालंय, आणि माझ्या मते तेच सांगण्यासारखं आहे, म्हणून हे पत्र.

तो स्विमसूट करणारा माणूस रूडी गर्नराइक. जन्म १९२२, व्हिएन्नातलं ज्यू कुटुंब, १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरने गिळल्यावर आईबरोबर पळून अमेरिकेत लॉस एंजेलिसला आला तेव्हा वय जेमतेम सोळा. पुढे काही वर्षं तो लेस्टर हॉर्टन या नृत्यदिग्दर्शकाच्या ग्रुपमध्ये डान्सर होता आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण शरीर वळतं कसं, श्वास कुठे अडतो, कपडा कुठे काचतो हे त्याला आरशासमोर उभं राहून नाही तर नाचून कळलेलं होतं. त्या काळचे स्विमसूट म्हणजे आतून हाडांसारख्या कडक पट्ट्या आणि कप बसवलेले, बाईला पाण्यात सुद्धा एका ठरलेल्या आकारात ठेवणारे. गर्नराइकने १९५० च्या दशकातच ते आतलं सगळं काढून साधे विणलेले स्विमसूट केले, जे अंगाबरोबर हलायचे. मोनोकिनी आभाळातून पडली नाही, ती या कामातून आली.

आणखी एक गोष्ट जी फॅशनच्या लेखांत जवळजवळ कधीच येत नाही. १९५० मध्ये लॉस एंजेलिसला हॅरी हे नावाच्या कार्यकर्त्याने आणि काही जणांनी मिळून मॅटाशीन सोसायटी सुरू केली, अमेरिकेतल्या समलिंगी लोकांच्या हक्कांसाठीच्या अगदी सुरुवातीच्या संघटनांपैकी एक, आणि सुरू करणाऱ्यांत गर्नराइक होता. तेव्हा तिथे पोलीस सापळे लावून अशा पुरुषांना पकडायचे, नोकऱ्या जायच्या, नावं पेपरात यायची, म्हणून या संघटनेचं काम गुपचूप चालायचं. शरीरावर सरकारचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पहारा म्हणजे काय हे ज्याने स्वतः सोसलंय तो माणूस बाईच्या छातीवरच्या पहाऱ्याबद्दल बोलतोय, हे लक्षात घेऊन १९६४ कडे बघा, मग तो फोटो वेगळाच दिसायला लागतो.

त्याचं म्हणणं साधं होतं. पुरुषाची छाती उघडी चालते तर बाईची का नाही? आणि यातली खरी मेख अशी की पुरुषांची सुद्धा आधी चालत नव्हती. १९३० च्या दशकापर्यंत अमेरिकेच्या कित्येक किनाऱ्यांवर पुरुषांना वर कपडा घालावा लागायचा, उघड्या अंगाने फिरल्याबद्दल त्यांना दंड व्हायचा, अटक व्हायची. मग लोकांनी ऐकणं सोडलं, नियम बदलले, आणि एका पिढीत सगळे विसरून गेले की इथे कधी नियम होता. गर्नराइकला वाटत होतं की बायकांच्या बाबतीतही हेच होईल, फार तर पाच वर्षं लागतील असं तो म्हणाला होता.

कपडा म्हणाल तर लोकांना वाटतं तेवढा तोकडाही नाही तो. खालचा भाग बऱ्यापैकी वर, पोटाच्याही वरपर्यंत येतो आणि तिथून दोन बारीक पट्टे छातीच्या मधून मानेभोवती जातात. बिकिनीपेक्षा अंग जास्त झाकतो, फक्त तेवढी एक जागा सोडून. मॉडेल पेगी मॉफिट, फोटो तिच्या नवऱ्याने काढले, विल्यम क्लॅक्स्टनने, कारण दुसरा कोणी काढणार असेल तर ती तयारच नव्हती. जून १९६४ मध्ये तिचा समोरून काढलेला फोटो विमेन्स वेअर डेली या फॅशन व्यवसायाच्या वृत्तपत्रात आला आणि गहजब झाला. व्हॅटिकनचं वृत्तपत्र भडकलं ते समजू शकतं, पण इझ्वेस्तिया या सोविएत सरकारी वृत्तपत्रानेही झोडपलं, भांडवलशाही सडल्याचा पुरावा म्हणून. जगातल्या कशावरच ज्यांचं एकमत होत नव्हतं त्यांचं एका बाईच्या छातीवर झालं! शिकागोत एका तरुण मुलीला तो घालून किनाऱ्यावर गेल्याबद्दल अटक झाली. विकले गेले साधारण तीन हजार, पण बाहेर घालून जाणाऱ्या अगदी मोजक्या.

आणि त्याच महिन्यात जे झालं त्याने माझ्या मते या कपड्याचं नशीब ठरलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या काँडोर क्लबमध्ये कॅरल डोडा मोनोकिनी घालून स्टेजवर नाचली, बघता बघता टॉपलेस बारची लाटच आली. म्हणजे किनाऱ्यावर पाण्यात जाणारीला अटक आणि तिकडे रात्री पैसे देऊन बघणाऱ्यांसमोर तोच कपडा धंद्याला चालतो. डोडाला मी बोल लावत नाही, तिचं पोट त्यावर चालायचं. पण बाईने स्वतःसाठी उघडं असणं आणि बघणाऱ्यासाठी उघडं असणं यातला फरक पुसून टाकायला समाजाला महिना सुद्धा लागला नाही, आणि साठ वर्षांनंतरही आपले फोटो-लेख तिथेच अडकलेत. मॉफिटला मात्र तो फरक पक्का माहीत होता. तिने हा स्विमसूट घालून लोकांसमोर यायला कायम नकार दिला आणि ते एक राजकीय विधान होतं असं ती नंतर सांगत राहिली.

पुढे अर्थ फिरत गेला. फ्रान्सच्या किनाऱ्यांवर नुसता खालचा भाग घालून ऊन घेणं रुळलं. आता दुकानात मोनोकिनी म्हणून मिळतो तो छाती नीट झाकून पोट आणि बाजू उघड्या ठेवणारा वन-पीस, ज्याचा गर्नराइकच्या मुद्द्याशी काहीएक संबंध उरलेला नाही. तो कुणी आवडीने घालत असेल तर छानच, पण इतिहास सांगताना हा त्याच कपड्याचा मॉडर्न अवतार असं लिहू नये, प्रश्न कापून टाकून वर फक्त नाव शिवलंय. गर्नराइक स्वतः काही गप्प बसला नाही, १९७४ मध्ये लॉस एंजेलिसने किनाऱ्यावर नग्न पोहायला बंदी घातली तर उत्तर म्हणून त्याने थाँग, म्हणजे मागून जवळजवळ उघडा असणारा स्विमसूट, आणला, बाई आणि पुरुष दोघांसाठी.

कोणी म्हणेल हा सगळा विषय जुना झाला. अजिबात नाही झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या किनाऱ्यावरच्या गावांनी बुर्किनीवर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या स्विमसूटवर, बंदी घातली, अंग जास्त झाकलं म्हणून, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाला एका गावाची बंदी स्थगित करावी लागली. २०२१ मध्ये बल्गेरियात युरोपियन बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या तर टीमला १५०० युरो दंड. पुरुष खेळाडू तिथे शॉर्ट्समध्येच खेळत होते! इतका संताप झाला जगभर की त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. आणि २०२३ मध्ये एका बाईच्या तक्रारीवरून बर्लिनने सांगितलं की सार्वजनिक पूलमध्ये वरचा कपडा न घालता पोहायची मुभा सगळ्यांना सारखी. गर्नराइकने १९६४ मध्ये विचारलेला प्रश्न, जसाच्या तसा, आणि तो जाऊन तेव्हा जवळपास अडतीस वर्षं झाली होती.

मी काही सगळ्यांनी मोनोकिनी घाला म्हणत नाहीये, मला स्वतःला अंगभर स्विमसूटच बरा वाटतो आणि तो मी निवडलाय. दंड झालेल्या मुलींना शॉर्ट्स हव्या होत्या, शिकागोतल्या मुलीला वरचा भाग नको होता, दोघींच्या मागण्या वरवर उलट्या दिसतात पण दोघींना ठरवायचं स्वतःच होतं, आणि दोन्ही वेळा शिट्टी वाजवणारा दुसराच कोणीतरी होता.

विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा गर्नराइकबद्दल निदान एक परिच्छेद द्या, त्यात मॅटाशीन सोसायटी येऊ द्या, आणि मॉफिटचं नाव फोटोखाली छापा. या वेळी ते नव्हतं.

आपली नियमित वाचक