पांढरं दिसलं तर धुऊ नकोस

ईदा, नागानो (जपान)
१४ डिसेंबर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला फोनवर मी तुला म्हणालो होतो, की इथलं ते काकी नावाचं फळ म्हणजे नुसता देखावा. दिसायला टोमॅटो आणि चवीला हिरडा. तेव्हा नाव ऐकूनच तू इतकी हसलीस की पुढचं काही ऐकलंच नसशील. (तुझ्या काकीला अजून सांगितलं नसशील तर सांगूही नकोस.) तर ते वाक्य मी मागे घेतो.

झालं होतं असं. माझ्या खोलीमागे घरमालकीणबाईंच्या परसात काकीचं झाड आहे. ऑक्टोबरात ते केशरी फळांनी लदलेलं. बाईंनी ‘घ्या’ अशी खूण केली, असं मला वाटलं. खरं तर त्या ‘नको’ म्हणत होत्या. मी एक तोडून तिथेच चावलं आणि पुढची दहा मिनिटं जीभ तोंडात आहे की फडकं, हेच कळेना. बाई भिंतीला टेकून हसत होत्या. ‘शिबुई, शिबुई!’ म्हणजे तुरट. या बाई ऐंशीच्या आहेत. इथल्या भाषेत ‘ओबासान’मधला ‘बा’ लांबवला की आजी, आखूड ठेवला की काकू. मी पहिले दोन महिने आखूडच म्हणत होतो. माझं जपानी कच्चं आहे हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही, उलट खूश होत्या.

मग कळलं, की काकीच्या दोन जाती. गोड ती ‘आमागाकी’. त्यातलं फुयू नावाचं चपटं फळ बाजारात सगळीकडे मिळतं आणि सफरचंदासारखं कापून कुरकुरीत खातात. दुसरी ‘शिबुगाकी’. ती अगदी लिबलिबीत होईपर्यंत थांबा, नाहीतर देठाशी जराशी शोचू दारू लावून आठवडाभर पिशवीत बंद करा, किंवा वाळवा. आमच्या परसातलं झाड इचिदा जातीचं, वाळवायचंच. या खोऱ्याची ओळखच ती आहे. एका बाजूला दक्षिण आल्प्स, दुसऱ्या बाजूला मध्य आल्प्स, मधून तेनऱ्यू नदी. हिवाळ्याच्या तोंडावर सकाळी नदीवर धुकं साचतं, त्यामुळे फळ सावकाश वाळतं, चामट होत नाही. इचिदाच्या वाळवलेल्या काकीला २०१६ साली जपान सरकारचं भौगोलिक मानांकनही मिळालं, आपल्या नागपुरी संत्र्यासारखं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आजींनी मला सोलायला बसवलं. देठाला डहाळीचा बारका तुकडा राखायचा, त्याला दोरी अडकवायची. मी साठेक फळं सोलली असतील; त्यातली निम्मी आजींनी पुन्हा नीट केली. सालंसुद्धा टाकली नाहीत, उन्हात घातली. मुळ्याच्या लोणच्यात कोंड्याबरोबर टाकतात म्हणे, गोडीसाठी. मग वळचणीखाली माळा लावल्या. गावात फिरलीस तर घरोघरी असे केशरी पडदे दिसतील. आपल्याकडे दसऱ्याला झेंडूची तोरणं असतात ना, तशीच, फक्त महिनाभर हलायची नाहीत. दहा दिवसांनी आजी एकेक फळ हलक्या हाताने चेपायला लागल्या, आतला गर सैल व्हावा म्हणून. मला करू दिलं नाही. माझे हात यंत्राचे आहेत म्हणाल्या.

तुरटपणा कुठे जातो हे मी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कुठेच नाही. कच्च्या फळातलं टॅनिन लाळेत विरघळतं म्हणून जीभ आखडते. वाळताना तेच टॅनिन असं गुंतून बसतं की विरघळेनासं होतं. असतं तिथेच, जिभेला सापडत नाही एवढंच. साखर तर आधीपासूनच भरपूर.

गेल्या आठवड्यात आजींनी पहिला घाणा बशीत आणून दिला. मी बघतो तर फळांवर पांढरा थर! माझ्या डोक्यात एकच शब्द, बुरशी. त्यांचा मान राखायचा म्हणून काही बोललो नाही, खोलीत नेलं आणि नळाखाली खसाखसा धुतलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने त्यांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. तो थर म्हणजे फळातूनच बाहेर आलेली साखर, आणि तेवढ्यासाठी महिनाभर हा सगळा खटाटोप. आजी बोलल्या काही नाहीत, पण बशी पुन्हा भरून आणली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

चव कशी सांगू? खजुरापेक्षा हलकी, आत जवळजवळ जेलीसारखी. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. मला आपल्या गोंदियाकडची टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आठवली. मे महिन्यात तुझी आजी पहाटे तेंदूपत्ता तोडायला जायची. ७० पानांचं एकेक पुडकं बांधायची, आणि येताना ओच्यात माझ्यासाठी पिवळी टेंभरं. कच्चं लागलं की असंच तोंड आखडायचं, पिकलेलं असलं की बोटं चिकट. इथल्या काकीच्या देठाला जी टोपी असते, तशीच टेंभराला असते. रात्री शोधून पाहिलं, तर दोन्ही झाडं एकाच गटातली, डायोस्पायरॉस नावाच्या. म्हणजे जपानात येऊन मी ज्याला नावं ठेवली, ते आपल्या टेंभराचंच भावंड निघालं. तुझी आजी असती तर तिने न विचारताच ओळखलं असतं.

आता झाड ओकंबोकं झालंय. शेंड्यावर मुद्दाम तीन फळं ठेवली आहेत. सगळी काढायची नाहीत, असा इथला रिवाज. सकाळी त्यावर आपल्याकडच्या चष्मेवाला पक्ष्यासारखे बारके हिरवे पक्षी येतात, डोळ्याभोवती तसंच पांढरं कडं.

जानेवारीत येताना तुझ्यासाठी एक डबा आणतो आहे. हॉस्टेलवर नेशील तेव्हा मैत्रिणींनाही आधीच सांगून ठेव, वर पांढरं दिसलं तर धुऊ नका.

तुझा,
बाबा