आधी वाटा, मग खोल्या

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला नकाशा ऑफिसात मोठ्या कागदावर छापून घेतला आणि नीट पाहिला. फोनवर बोलले असते, पण फोनवर आपलं बोलणं लगेच पैशांवर येतं आणि तिथेच थांबतं. मला घराबद्दल बोलायचंय, म्हणून लिहिते आहे. आई, तूही वाच. या नकाशात सगळ्यात जास्त उलथापालथ तुझ्या स्वयंपाकघराची होणार आहे, आणि तुला कुणी काही विचारल्याचं त्यात दिसत नाही.

कंत्राटदाराने स्वयंपाकघरामागे दहा फुटांची खोली काढली आहे, तिच्यावर स्लॅब, माजघरातून जिना आणि वर दोन बेडरूम. दादाही म्हणतो की एकदाच काय ते मोठं करून टाका, पोरंबाळं आली की जागा पुरत नाही. त्याचं म्हणणं मनापासूनचं आहे. पण आम्ही येतो गणपतीला आणि मे महिन्यात. त्या घरात बारा महिने तुम्ही दोघं राहता. मी रोज लोकांच्या घरांचे नकाशे काढते, आणि कुठल्याही कामात पहिल्यांदा हेच विचारते की घरात रोज कोण असतं, ते सकाळी कुठून कुठे जातात, रात्री कुठून कुठे. आपल्या घरालाही आधी हेच विचारायला हवं.

तुमची रात्रीची वाट मी या नकाशावर पेन्सिलीने काढून पाहिली. बाबा, तुम्ही ओटीच्या बाजूच्या खोलीतून उठता, ओटीवर येता, माजघर, मग स्वयंपाकघर, मागची पडवी, तिथून तीन पायऱ्या उतरून उघड्यावरून संडासापर्यंत. मध्ये चार उंबरे. पाऊस असला तर एका हातात बॅटरी, दुसऱ्यात छत्री, म्हणजे भिंतीला धरायला हातच उरत नाही. श्रावणात तुम्ही तिथेच घसरलात, आणि आईने मला ते आठवड्याने सांगितलं. नव्या नकाशात दोन्ही बाथरूम वर आहेत. खाली आहे तेच राहणार, फक्त मागची नवी खोली मध्ये आल्यामुळे ही वाट आणखी दहा फुटांनी लांबणार. एवढा खर्च करून तुमच्यासाठी घर अधिक अवघड होणार असेल, तर मला तो नकाशा मान्य नाही.

आई, तुझ्या स्वयंपाकघराला उजेड एकाच बाजूने येतो, मागच्या खिडकीतून आणि मागच्या दारातून. मागे खोली आली की खिडकी त्या खोलीत उघडणार आणि दार तिच्या भिंतीवर. दिवसा बल्ब लावून तांदूळ निवडायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तू स्वतःच म्हणालीस की सकाळच्या उजेडात तुला डाळीतला खडा दिसतो, संध्याकाळी दिसत नाही. शिवाय विहीर, अळू, कढीलिंबाचं झाड, भांडी वाळत घालायची दगडी पाथर, तुझा निम्मा दिवस त्या मागच्या दारातून आत-बाहेर करण्यात जातो. ते दार मिटवायचं नाही.

आता भिंतींचं. आपल्या भिंती दीड फूट जाडीच्या आहेत, जांभ्याच्या चिऱ्यांच्या, पण चिऱ्यांमधला सांधा मातीचा आहे. त्या बांधल्या कौलारू छपरासाठी. वाशे, रिपा आणि मंगलोरी कौलं धरून चौरस फुटाला सहा-सात किलोचं ओझं पडतं. पाच इंची स्लॅबचं नुसतं स्वतःचं वजन चौरस फुटाला तीसेक किलो. स्लॅब घालायचाच तर त्याला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया हवा, आणि नकाशात नव्या खोलीची एक बाजू सरळ जुन्या भिंतीवर टेकवलेली आहे. ‘चिरा आहे, काही होत नाही’ हे मी कोकणात खूप ठिकाणी ऐकलंय, आणि त्या भिंतींना पडलेल्या तिरक्या भेगाही पाहिल्या आहेत.

मागे स्लॅबऐवजी कौलांचंच छप्पर पुढे उतरवू, असं तुमच्या मनात येईल. ते बसत नाही. आपल्या पाख्याचा, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूचा, उतार तीस अंशांच्या आसपास आहे, म्हणजे फुटामागे सात इंच उंची कमी होते. मागच्या पडवीची वळचण, छपराची खालची कड, आत्ताच सात फुटांवर आहे. तिथून आणखी दहा फूट उतरलं तर वळचण जेमतेम सव्वा फुटावर येईल. आणि वेगळं छप्पर करून ते जुन्या पाख्याला मिळवलं, तर दोन उतारांच्या मधोमध पन्हळ येणार. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे दोन छपरांमधली पन्हळ म्हणजे दर वर्षीचं दुखणं. त्यात पोफळीच्या झावळ्या आणि आंब्याची पानं अडकणार, आणि पाणी उलटून भिंतीत शिरणार.

म्हणून मला वाटतं, वाढवायचं ते पूर्वेला. लाकडांची खोप आहे तिकडे. आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, त्याच रेषेत बारा फूट लांबवायचं आणि दोन्ही पाखे तसेच सरळ पुढे न्यायचे. पन्हळ लागतच नाही, घराचं रूपही बिघडत नाही. नवी खोली बारा बाय तेरा फुटांची, बाळंतिणीची खोली आणि कोठी यांना लागून. तिच्यामागे, कोठीच्या बाजूला, सहा बाय नऊचं न्हाणीघर आणि संडास एकत्र. ही खोली तुमची. आमच्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी नाही.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळी किल्ली तिच्यात आहे. बाबा, तुमचा आणि आत्याचा जन्म तिथला. नंतर आजोबांनी ती भाताच्या कणगीला दिली आणि हवा खेळावी म्हणून पूर्वेच्या भिंतीत साडेतीन फुटी खिडकी पाडली. आता तिथे जुन्या गाद्या, ताडपत्री आणि गणपतीची आरास पडून असते. त्या खिडकीवरची सागाची पट्टी अजून धड आहे, गेल्या वेळी मी स्टुलावर चढून टोचून पाहिली, कुठे भुसा निघाला नाही. खिडकीखालची तेवढी भिंत काढली की आयतं दार मिळतं. वरचं ओझं जसं होतं तसंच राहतं, जुन्या भिंतीला नवं भगदाड पाडावं लागत नाही. म्हणजे माजघरातून त्या खोलीत आणि तिथून तुमच्या खोलीत. आई, स्वयंपाकघरातून तुझ्या पलंगापर्यंत तीन दारं, आणि पलंगापासून संडासापर्यंत सात-आठ पावलं, सगळी छपराखाली. त्या खोलीची खिडकी गेली तरी अंधार नको म्हणून वर चार काचेची कौलं घालू. एका भिंतीला कपाटं केली की गाद्या आणि आरास तिथेच राहतील.

बाबा, तुमची ओटीलगतची खोली तशीच राहते. नवं बांधकाम तिच्या मागच्या रेषेपासून सुरू होतं, त्यामुळे तुमची सकाळच्या उन्हाची खिडकी मोकळीच. दुपारी पेपर वाचत पडायला, कुणी आलं-गेलं तर बसायला ती असू दे.

न्हाणीघराच्या बाबतीत मी हट्ट करणार आहे. दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार पडलेल्या माणसालाच अडतं, आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. जमीन खोलीच्या पातळीलाच, फक्त अर्ध्या इंचाने खाली, आणि पाणी एका कोपऱ्याला उतरतं. कमोड जमिनीपासून अठरा इंचांवर, म्हणजे गुडघ्यावर फार जोर न देता उठता येतं. मध्ये पाच फुटांची मोकळी जागा, उद्या चाकाची खुर्ची लागलीच तर ती तिथे वळते. लागू नये, पण भिंत एकदा उभी राहिली की सरकत नाही. धरायच्या दांड्या आज नको असतील तर नका लावू, पण चिरा मऊ असतो आणि त्यात खिळलेली दांडी ओढून निघते. म्हणून दांडीच्या जागी भिंतीत आत्ताच काँक्रीट भरून ठेवायचं. टाइल्स खरखरीत. आई, तुला ज्या गुळगुळीत पांढऱ्या आवडल्या होत्या त्या भिंतीवर लावू, पायाखाली नाही. बंब जुन्या न्हाणीघरात आहे तिथेच राहील, नव्या ठिकाणी गरम पाण्यासाठी गीझर लागेल.

उंबऱ्यांचं मी जपून लिहिते. पुढच्या दाराचा उंबरा राहणार, त्याच्यावर तू रोज हळदकुंकू वाहतेस, दिवाळीत त्याची पूजा होते. पण माजघराचा, स्वयंपाकघराचा आणि बाळंतिणीच्या खोलीचा, हे आतले तीन काढूया. पायाला लागतात ते हेच. नव्या खोलीला उंबराच नसेल.

घराचं जोतं जमिनीपासून दोन फूट उंच आहे. पायऱ्यांशिवाय वर यायचं तर फुटाला बारा फूट या हिशोबाने चोवीस फुटांचा उतार लागतो. ऐकायला लांब वाटतो, पण नव्या खोलीच्या पूर्वेच्या अंगाने तो मावतो आणि शेवटी पुढच्या पडवीला मिळतो. त्याहून चढा केला तर पावसाळ्यात शेवाळावरून पाय निसटेल. म्हणून छप्पर त्याच्यावर येईल असं बघायचं, आणि बाहेरच्या बाजूला हात ठेवता येईल असा कट्टा.

पोरांच्या जागेचं तुम्ही विचाराल. गणपतीत आजवर सगळे माजघरात आणि ओटीवर झोपत आले, आणि माझ्या मुलांना तेच आवडतं. जिना माजघरात आला तर नेमकी ती जागा जाते, आरतीला उभं राहायलासुद्धा. पुढेमागे खरंच गरज पडली तर तुमची ओटीची खोली आहेच. आणि खरं सांगते, वरच्या दोन खोल्या वर्षाचे अकरा महिने बंद राहतील. त्या झाडायला आई जिना चढणार, आणि तेच मला नको आहे.

छपराच्या बाबतीत निसर्ग वादळ विसरून चालणार नाही. ३ जून २०२० ला आपल्या दापोलीत काय झालं ते तुम्ही दोघांनी दाराला टेबल लावून सोसलं. तेव्हा मी पाहायला आले, तर जिथे वाशे भिंतीवर नुसते टेकवलेले होते तिथलं छप्पर उचललं गेलं होतं, आणि ओटीवर जिथे पोलादी पट्टीने बांधलेले होते तिथे फक्त कौलं उडाली होती. नव्या पाख्याचा प्रत्येक वासा पट्टीने भिंतीवरच्या तुळईला जखडायचा, आणि वळचणीच्या दोन रांगांची कौलं तारेने बांधायची. याला फार पैसे लागत नाहीत, मिस्त्रीजवळ उभं राहून करून घ्यावं लागतं, इतकंच. मागच्या बाजूला तेव्हा घाईत घातलेले पत्रेही याच कामात काढून पुन्हा कौलं घालू. उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापतं ते त्या पत्र्यांमुळे.

कामाचा क्रम असा ठेवू की तुम्हाला एक दिवसही घर सोडावं लागणार नाही. दिवाळीनंतर खोप हलवून पाया, मग भिंती, मग छप्पर, सगळं बाहेरच्या बाहेर. न्हाणीघर चालू झालं, पाणी नीट वाहतंय याची खात्री झाली, की मगच बाळंतिणीच्या खोलीची खिडकी फोडायची. जुन्या घरात धूळ येईल ती शेवटचे आठ-दहा दिवस. काहीही झालं तरी मेच्या मध्यापर्यंत कौलं चढलेली हवीत.

बाबा, तुमच्याकडून मला काही गोष्टी हव्या आहेत. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, काढून ठेवा, त्यावर आत्ताचं क्षेत्र काय लागलंय ते पाहून मी परवानगीचा नकाशा करते. विहिरीपासून नव्या न्हाणीघराच्या मागच्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब हवा. तेवढं मिळत नसेल तर पाइप उत्तरेला वळवावा लागेल, आणि ते पाया खणायच्या आधी कळायला हवं.

आणि एक दोघांनी मिळून करा. खोपेतली लाकडं थोडी सरकवून नवी खोली आणि न्हाणीघर जमिनीवर फक्कीने आखा. मापं मागच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. त्यात दोन खुर्च्या टाकून सकाळी बसा, दुपारी बसा. पलंग कुठे येईल तिथे सतरंजी टाका. आई, तू उठून न्हाणीघराच्या रेषेपर्यंत चालून बघ, हात कुठे टेकावासा वाटतो तिथे खडूची खूण कर. खिडकीतून तुला विहीर दिसायला हवी की पुढचं खळं, तेही बसल्या बसल्या ठरव. तुम्हाला ही जागा पटली नाही तर तसं सांगा, मी पुन्हा काढेन, हव्या तितक्या वेळा. पण माडीचं काम आत्ता सुरू करू नका आणि कंत्राटदाराला बयाणा देऊ नका. दादाशी मी बोलते. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येते, तेव्हा आखलेलं बघू आणि त्याच दिवशी मिस्त्रीलाही बोलावू.

आई, फक्की दुकानात मिळाली नाही तर रांगोळी चालेल.

तुमची,
ताई