काचेच्या दौतीलाही जागा द्या

महोदय,
मध्ययुगीन इस्लामी काचकलेवर लिहिताना मीनाकाम केलेल्या मामलुक काळातल्या (इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या सुलतानांच्या काळातल्या) मशिदींच्या दिव्यांचेच कौतुक होते. ते योग्यच, पण इराण-सीरियातल्या काचेच्या साध्या दौतींकडे कोणी पाहत नाही, याचे वाईट वाटते. वाळू आणि वनस्पतींची क्षारयुक्त राख वितळवून ही काच होई. काच शाई शोषत नाही. दौतीत रेशमाचा बोळा ठेवत. शाई त्यात मुरे, सांडत नसे आणि बोरूच्या टोकालाही इजा होत नसे. काजळी आणि बाभळीच्या जातीचा डिंक यांची ती शाई! बगदादचा सुलेखनकार इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) याने अक्षरांची मापे बोरूच्या टोकाने उमटणाऱ्या ठिपक्यांवरून ठरवली, म्हणजे टोक नीट राखणे किती मोलाचे होते पाहा.

फुटकी काचही वाया जात नसे. सुमारे १०२५ साली तुर्कस्तानच्या सेर्चे लिमान खाडीत बुडालेल्या जहाजावर पुन्हा वितळवण्यासाठी नेली जाणारी सुमारे तीन टन काच सापडली. ती तिथल्याच बोद्रुम शहरातल्या संग्रहालयात आहे. आपल्या रविवार पुरवणीत लेखनसाधनांवर सचित्र लेखमाला यावी, ही मनापासून विनंती.

– एक वाचक, पुणे