एकत्र राहायचंय, पण निर्णय कसे घेणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिटायर झाल्यावर मित्रमंडळींनी मिळून जमीन घ्यायची, शेती करायची, स्वयंपाकघर एकच ठेवायचं असं हल्ली बरेच जण ठरवतायत, आमचाही ग्रुप आहे. मीटिंगमध्ये पाणी, सोलर, बजेट यावर तासन्‌तास बोलणं होतं पण दोन घरांचं पटलं नाही तर कसं ठरवायचं हे विचारलं की 'अरे आपण जुने मित्र, होईल काहीतरी' म्हणून विषय बदलतात. मला हे फार धोक्याचं वाटतं.

पुदुच्चेरीजवळचं ऑरोव्हिल बघा ना. देशोदेशीच्या लोकांनी एकत्र राहायची १९६८ पासूनची वस्ती, १९८८ मध्ये तिच्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला, त्यात रहिवाशांची सभा आहे आणि सरकारने नेमलेलं गव्हर्निंग बोर्डही आहे. तरी डिसेंबर २०२१ मध्ये क्राउन रोड या आराखड्यातल्या वर्तुळाकार रस्त्यासाठी जेसीबी आले, झाडं पडली, रहिवाशांत दोन तट पडले आणि भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कोर्ट निकाल देतं, पण शेजाऱ्यांमधला अबोला कोण मिटवणार?

याउलट गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). छोटं गोंड गाव, तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. वेळ लागतो, हो, लागतोच, पण ज्याला पटत नाही त्याचं नीट ऐकावंच लागतं, हात वर करून त्याला गप्प बसवता येत नाही. आणि तिथे अभ्यासगट वेगळा असतो, त्यात माहिती काढायची, बाहेरच्या जाणकारांशी पण बोलायचं, निर्णय मात्र ग्रामसभेतच. मला हे सगळ्यात जास्त पटतं कारण आपण माहिती, वाद आणि निर्णय सगळं एकाच मीटिंगमध्ये उरकतो आणि मग महिनाभर फुगून बसतो. असं चालत त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०१३ मध्ये ग्रामदान करून आपापली शेतजमीन ग्रामसभेकडे दिली. तिथली माणसं पिढ्यानपिढ्या एकत्र राहतायत, आपली नाती तर अजून जुळायचीयत, मग आपल्याला नियम जास्तच लागणार.

प्लॉट घ्यायच्या आधी वर्षभर तरी भाड्याच्या जागेत एकत्र राहून बघा, छोटे छोटे निर्णय सर्वसहमतीने घ्या, आणि कुणाला सोडून जायचं असेल तर त्याचे पैसे कधी, किती परत हे आधीच लिहून ठेवा. आणि तुम्हाला विनंती, अशा वस्त्यांवर लेख छापाल तेव्हा घरांच्या फोटोंबरोबर तिथे निर्णय कसे घेतात, भांडण झालं तर काय करतात हेपण लोकांना विचारून छापा.

आपली,
एक वाचक, पुणे