उपकारस्तुतीलाही वेळ द्यावा

माननीय संपादक,

पुण्यात मी अनुभवलेल्या अनेक ख्रिस्ती प्रार्थनासभांत आजार, परीक्षा, नोकरी यांविषयीच्या मागण्यांना भरपूर वेळ मिळतो आणि उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणे, आरंभीच्या दोन वाक्यांत उरकली जाते, हे खटकते. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात येशूकडून दहा कुष्ठरोगी बरे होतात, परंतु देवाचे गौरव करीत परततो तो एकटा शोमरोनी, यहुद्यांनी परका मानलेला. मागणे काय, दहाही जणांना येत होते. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असे प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती मंडळीला लिहिले, म्हणून दुःखिताला बळेच हसायला लावणे हा तिचा अर्थ नव्हे. बायबलमधील 13 व्या स्तोत्रातही आधी विलापच आहे, स्तुती नंतर. नव्या मागण्या घेण्यापूर्वी पूर्ण झालेल्या मागण्यांची आठवण पाळकांनी करून द्यावी, ही विनंती.

एक वाचक, पुणे