'एमएसआय-हाय' म्हणजे आजार बळावला, असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात राजारामपुरीतील एका परिचितांचा मुलगा वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा तपासणी अहवाल घेऊन माझ्याकडे आला. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे, डॉक्टर नव्हे, हे मी त्याला आधीच सांगितले. परंतु त्याला उपचार विचारायचेच नव्हते. अहवालाच्या शेवटच्या पानावर 'मायक्रोसॅटेलाइट इन्स्टेबिलिटी : हाय' (थोडक्यात 'एमएसआय-हाय') असे छापले होते. त्यातील 'हाय' हा शब्द वाचून आजार फार पुढे गेला असे घरच्यांनी ठरवून टाकले होते आणि दोन दिवस घरात कोणी धड जेवले नव्हते. 'डीएनए तपासणी पोलीस करतात, ती आपल्या माणसाची कशाला केली?' अशी शंका त्याच्या आत्याने काढली होती, ती वेगळीच. अहवालाच्या सहा पानांत मराठीतील एकही वाक्य नव्हते. असा गोंधळ याच एका घरात झाला असेल असे मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

डीएनएच्या लांबलचक धाग्यावर काही ठिकाणी एक ते सहा अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. उदाहरणार्थ 'सीए, सीए, सीए' असा दहा-वीस वेळा. अशा ठिकाणांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात आणि मानवी जनुकसंचाचा सुमारे ३ टक्के भाग त्यांनी व्यापलेला आहे. (क्षारांच्या दाट द्रावणात डीएनए वेगाने फिरवला असता मुख्य पट्ट्याशेजारी पुनरावृत्त डीएनएचा जो लहान पट्टा दिसे, त्याला शास्त्रज्ञांनी 'उपग्रह' म्हटले, आणि तेच नाव पुढे या छोट्या तुकड्यांनाही चिकटले. अंतराळाशी त्याचा काही संबंध नाही.) गुजरीत पटवेकऱ्याला माळ गाठताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना पुढचे समजणे सोपे जाईल. वेगवेगळे मणी क्रमाने ओवताना चूक सहसा होत नाही, पण एकाच जातीचे बारीक मणी सलग ओवायचे असले की एखादा कमी किंवा जास्त पडतो. पेशी विभागताना डीएनएची नक्कलही अशाच जागी घसरते, आणि म्हणून या पुनरावृत्तींची संख्या माणसामाणसांत वेगळी असते.

न्यायवैद्यक शास्त्र याच फरकाचा उपयोग करते. इंग्लंडमधील लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये जो 'डीएनए ठसा' शोधला, तो अधिक लांब पुनरावृत्तींवर आधारलेला होता आणि त्यासाठी नमुनाही बराच लागे. पुढे थोड्याशा डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्रामुळे हे छोटे तुकडे वाचता येऊ लागले आणि रक्ताचा वाळलेला डाग किंवा जुने हाडही पुरेसे ठरू लागले. अमेरिकेच्या 'कोडिस' या नोंदसंग्रहात २०१७ पासून अशी २० ठिकाणे तपासली जातात. ही ठिकाणे बहुतांशी जनुकांच्या सांकेतिक भागाबाहेरची निवडलेली असतात. त्यामुळे पोलिसांच्या डीएनए अहवालावरून माणसाची ओळख पटते, पितृत्वही ठरते, पण त्याला कोणता आजार होईल हे त्यातून सहसा कळत नाही.

कर्करोगाच्या अहवालात प्रश्नच वेगळा असतो. ओवलेली माळ पुन्हा मोजून चूक सुधारणारी एक यंत्रणा आपल्या पेशींत असते. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही तिची प्रमुख जनुके. ही यंत्रणा निकामी झाली की गाठीच्या पेशींतील पुनरावृत्तींची संख्या त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींपेक्षा निराळी दिसू लागते. 'हाय' हा शब्द या अस्थिरतेचे प्रमाण सांगतो, आजाराची पायरी सांगत नाही. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ही स्थिती आढळते आणि आजार लवकरच्या टप्प्यात असेल तर अशा रुग्णांचे भवितव्य उलट काहीसे बरे असते. शिवाय अशा गाठींत बिघडलेली प्रथिने पुष्कळ तयार होत असल्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या ओळखू येतात. म्हणूनच मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला, गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, केवळ या लक्षणावर आधारून प्रगत कर्करोगासाठी मान्यता दिली. ते औषध महाग आहे आणि प्रत्येक रुग्णाला लागतेच असे नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

घरच्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लिंच सिंड्रोम, म्हणजेच चूक सुधारणाऱ्या या यंत्रणेतील दोष वारशाने येणे. 'हाय' अहवाल आलेल्या बहुतेकांत हा दोष त्या गाठीपुरताच असतो, परंतु काहींत तो जन्मतः आलेला असतो. आतड्याच्या दर शंभर कर्करोगांपैकी साधारण तीन या प्रकारचे असतात. असा दोष आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते आणि स्त्रियांत त्यामुळे गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. दोष आढळलेल्या नातेवाइकांनी सामान्यतः विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. गाठ लहान असतानाच सापडते, हा त्याचा फायदा. आपल्याकडे 'आमच्या घराण्यात पोटाचाच आजार आहे' असे म्हणून लोक गप्प बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

वरील चार जनुकांपासून बनणारी प्रथिने गाठीत आहेत की नाहीत, हे आयएचसी नावाच्या तुलनेने स्वस्त तपासणीतूनही कळते, आणि त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही. कोल्हापूरचे रुग्ण दुसऱ्या मतासाठी गाठीचा तुकडा बसवलेला जो मेणाचा ब्लॉक पिशवीत घालून मुंबईला नेतात, तोच त्यासाठी पुरतो. मात्र तो जपून ठेवावा लागतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

जिल्ह्यातील रुग्णांचे नमुने घेणाऱ्या प्रयोगशाळांनी अशा अहवालासोबत अर्धे पान मराठी खुलासा जोडावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकानेही 'डीएनए चाचणी' एवढाच शब्द न वापरता ती ओळखीसाठी होती की आजारासाठी, हे बातमीत लिहावे. आणि नमुना घेतानाच्या अर्जात कुटुंबातील आजारांचा एक रकाना असावा. माझ्याकडे आलेल्या त्या मुलाच्या आजोबांना पन्नाशीच्या आतच आतड्याचा कर्करोग झाला होता. ही गोष्ट तो चहा पिता पिता सहज बोलून गेला, तोपर्यंत त्याला ती कोणीही विचारली नव्हती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर